पेकिंग विद्यापीठाचं दार



चीनमधल्या एका विद्यापीठाबद्दल आज बोलायचं आहे. काही जणी लगेच म्हणतील, त्याचं आपल्याला काय? तर सुरुवात दवाखान्यापासूनच करू. मलेरिया बळावला, त्यातही फॅल्सिपॅरम जातीचा असला, की डॉक्टर आर्टेसुनेटचं इंजेक्शन देतात. गडचिरोलीकडच्या बायकांना हे नाव नवं नाही. हे औषध ज्या शोधातून आलं, तो शोध तू यूयू नावाच्या एका चिनी बाईंनी लावला. सोळाव्या वर्षी क्षय झाला म्हणून त्यांची शाळा दोन वर्षं सुटली होती. बऱ्या झाल्यावर त्यांनी ठरवलं की आपण औषधंच शिकायची. १९५१ साली त्या पेकिंग विद्यापीठात औषधशास्त्राच्या वर्गात दाखल झाल्या.

त्यांच्या एकतीस वर्षं आधीपर्यंत याच विद्यापीठात एकही मुलगी नव्हती. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट या दाराचीच आहे. ते कुणासाठी उघडलं, कुणाच्या तोंडावर बंद झालं आणि कोण मागच्या बाजूने आत आलं, ते पाहू.

विद्यापीठ स्थापन झालं १८९८ मध्ये. तेव्हा चीनमध्ये राजेशाही होती. चीन नुकताच जपानकडून युद्धात हरला होता. तरुण सम्राट ग्वांगश्यू यांना वाटू लागलं की जुन्या पोथ्या पाठ करून आता निभावणार नाही. त्यांनी सुधारणांचे हुकूमावर हुकूम काढले. जेमतेम शंभर दिवस हे चाललं. मग राजमाता त्सिशी यांनी सम्राटांनाच नजरकैदेत टाकलं आणि बहुतेक हुकूम रद्द केले. त्यातून वाचलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक म्हणजे हे विद्यापीठ. तेव्हा त्याचं नाव होतं राजधानीचं शाही विद्यापीठ.

पण वाचलं तरी ते कुणासाठी होतं? चीनमध्ये शतकानुशतकं राजदरबाराच्या परीक्षा होत. त्या पास झालं की अंमलदारी मिळे. बायकांना त्या परीक्षेला बसताच येत नसे. १९०५ मध्ये ही परीक्षा बंद झाली, पण तिची सवय काही सुटली नाही. विद्यापीठात येणारे बरेच जण अधिकारी नाहीतर अधिकाऱ्यांची मुलं. नोकर त्यांना मालक म्हणून हाक मारत. पदवी म्हणजे वरच्या जागेची शिडी, एवढंच त्यांच्या लेखी शिक्षण. आपल्याकडेही असे लोक कमी नाहीत, ते सोडा.

राजेशाही १९११-१२ मध्ये गेली. पण विद्यापीठ खऱ्या अर्थाने बदललं ते १९१७ मध्ये. त्या वर्षी त्साय युआनपेइ कुलगुरू म्हणून आले. हे गृहस्थ जुन्या दरबारी परीक्षेत सर्वांत वरपर्यंत पोचलेले, शिवाय जर्मनीत जाऊन शिकलेले. आल्या आल्या त्यांनी विद्यार्थ्यांना सुनावलं की ज्याला अधिकारी व्हायचंय, श्रीमंत व्हायचंय, त्याने दुसरीकडे जावं, ही विद्येची जागा आहे. मग त्यांनी शिक्षक गोळा केले. डोक्यावर राजेशाहीच्या काळातली शेंडी मिरवणारे गू होंगमिंग होते, आणि जुनं सगळं मोडीत काढा म्हणणारे चेन दूश्यूही होते. बोलतो तशा भाषेत लिहावं म्हणणारे हू शृ होते. लिआंग शूमिंग यांच्याजवळ तर विद्यापीठाची पदवीच नव्हती. पंचविशीही न गाठलेल्या या तरुणाला त्साय यांनी बोलावलं आणि विषय दिला भारतीय तत्त्वज्ञान.

आता १९१९ सालात येऊ. पहिलं महायुद्ध संपलं होतं. चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क चीनला परत न देता जपानला द्यायचं पॅरिसच्या तहात ठरलं. ४ मे रोजी पेकिंगमधल्या बारा-तेरा महाविद्यालयांचे सुमारे तीन हजार विद्यार्थी तिआनानमन चौकात जमले. पुढे पेकिंग विद्यापीठाचे होते. धरपकड झाली. त्साय यांनी राजीनामा दिला आणि ते शहर सोडून गेले. विद्यापीठाचा वर्धापनदिन आज ४ मे रोजीच साजरा होतो, इतकं त्या दिवसाचं महत्त्व.

त्याच महिन्यात पार पश्चिमेकडच्या कान्सू प्रांतातून एक पत्र निघालं. लिहिणारीचं नाव देंग चुनलान. तिचा जन्म १८९८चा, म्हणजे विद्यापीठाइतकंच तिचं वय. तिने कुलगुरूंना लिहिलं की विद्यापीठात मुलींना घ्या, मी पहिली यायला तयार आहे. पत्र पोचेपर्यंत कुलगुरू शहरातच नव्हते. उत्तर आलं नाही. म्हणून ती गप्प बसली का? तिने देशातल्या मुलींना उद्देशून जाहीर आवाहन लिहिलं, ते वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि ती पेकिंगला जायला निघाली. त्या काळी चीनमध्ये पाय बांधलेल्या बायका घरोघर होत्या. लहानपणी मुलीची बोटं तळव्याखाली दुमडून घट्ट पट्ट्यांनी आवळायची, म्हणजे पाऊल वाढत नाही. १९१२ मध्ये कायद्याने बंदी आली, पण गावाकडे कायदा सावकाश पोचतो. अशा देशात एक मुलगी शिकण्यासाठी शेकडो कोस निघाली होती.

पुढे त्साय परतले. मुलींच्या प्रवेशावर त्यांचं म्हणणं फार साधं होतं, आणि आम्हाला ते फार आवडलं. ते म्हणाले, विद्यापीठाच्या नियमांत फक्त मुलग्यांना घ्यावं असं कुठेच लिहिलेलं नाही. मुली आजवर आल्या नाहीत, कारण त्यांनी अर्ज केला नाही. आता कुणी आली आणि तिची तयारी असली, तर नाही कसं म्हणणार? त्यांनी नवा नियम काढला नाही आणि वरची परवानगीही मागितली नाही. मागितली असती तर फाईल कुठे अडकली असती ते सांगायला नको.

फेब्रुवारी १९२०. प्रवेशपरीक्षेची वेळ टळून गेली होती, म्हणून वांग लान नावाच्या मुलीला श्रोता म्हणून वर्गात बसू दिलं. तिच्यामागोमाग आणखी आठ जणी आल्या. देंग चुनलान त्यांतलीच. त्या वर्षीच्या शरदात मुलींचा रीतसर प्रवेशही सुरू झाला. त्याच वर्षी अमेरिकेत शिकून आलेल्या चेन हंगचे इतिहास शिकवू लागल्या. चीनच्या विद्यापीठातल्या त्या पहिल्या प्राध्यापिका. नऊ मुली म्हणजे काही फार नाहीत. पण पेकिंगने घेतल्या म्हटल्यावर इतर विद्यापीठांना नाही म्हणणं अवघड झालं.

श्रोता म्हणून बसायची ही वाट पुढे किती जणांना उपयोगी पडली! वर्गाला कडी नसे, हजेरी कडक नसे. नाव नोंदवलेला विद्यार्थी घरी झोपलाय आणि बाहेरचाच कुणी पहिल्या बाकावर बसून टिपणं घेतोय, असंही चाले. लेखिका तिंग लिंग तरुणपणी अशाच येऊन बसत. लेखक शन त्सोंगवन यांचं शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. तेही असेच वर्गात येऊन बसले, आणि पुढे याच विद्यापीठात प्राध्यापक झाले.

दुसरी चोरवाट होती ग्रंथालयाची. हूनान प्रांतातला एक तरुण १९१८-१९ मध्ये तिथे महिना आठ युआनवर मदतनीस होता. वाचायला येणाऱ्यांची नावं वहीत लिहायची, एवढं त्याचं काम. मोठे लोक त्याच्याशी बोलायलाही थांबत नसत. त्याचं नाव माओ त्सेतुंग.

आणि ग्रंथालयातल्याच दुसऱ्या एका कारकुनाची कहाणी थेट आपल्यापर्यंत येते. जिन केमू. शिक्षण म्हणाल तर प्राथमिक शाळेचं. १९३५ मध्ये ते पेकिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसत. प्राध्यापक आणि विद्यार्थी कोणती पुस्तकं मागतात ते चिठ्ठ्यांवरून पाहायचं आणि तीच पुस्तकं आपण वाचायची, असा त्यांचा अभ्यासक्रम. १९४१ मध्ये ते भारतात आले आणि सारनाथला राहून संस्कृत आणि पाली शिकले. शिकवलं कुणी? धर्मानंद कोसंबींनी. गोव्यातल्या सांखवाळचे कोसंबी, बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा म्हणून १८९९ मध्ये घर सोडून निघालेले. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका करत ते पाली शिकले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली आणि मराठीत बुद्धाबद्दल भरभरून लिहिलं. शाळेचे फारसे वर्ग न केलेल्या गुरूला शाळेचे फारसे वर्ग न केलेला शिष्य मिळाला! १९४८ मध्ये जिन केमू पेकिंग विद्यापीठात परतले, ते प्राध्यापक म्हणून. खिडकीच्या अलीकडचा माणूस पलीकडे गेला.

मधली युद्धाची वर्षं मात्र सांगायलाच हवीत. १९३७ मध्ये जपानने पेकिंग घेतलं. विद्यापीठाने पुस्तकं आणि माणसं जमेल तितकी गोळा केली आणि दक्षिणेला पळ काढला. छिंगह्वा आणि नानकाई ही दोन विद्यापीठंही बरोबर होती. आधी छांगशा, आणि तिथेही बॉम्ब पडू लागल्यावर १९३८ मध्ये आणखी नैर्ऋत्येला कुनमिंग. जवळजवळ तीनशे विद्यार्थी आणि अकरा शिक्षक छांगशाहून पायी निघाले. डोंगर, नद्या, खेडी पार करत अडुसष्ट दिवसांत ते कुनमिंगला पोचले. अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर, त्यातला बहुतेक पायी. या पदयात्रेत मुलींना घेतलं नव्हतं. त्यांना आणि अशक्त मुलांना रेल्वेने आणि बोटीने हाँगकाँग आणि व्हिएतनाममार्गे पाठवलं. (याच युद्धात जखमींची सेवा करायला आपले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. ते परतले नाहीत.)

कुनमिंगला तिन्ही विद्यापीठांनी मिळून एकच संयुक्त विद्यापीठ आठ वर्षं चालवलं. मातीच्या भिंती, राहायच्या खोल्यांवर गवत, वर्गांवर पत्रा. पाऊस आला की पत्र्याच्या आवाजात शिक्षकांचं बोलणं ऐकू येईना. पत्र्याच्या शाळेत शिकवलेल्या बाईंना हे वेगळं समजावून सांगायला नको! पुढे पैशांची इतकी चणचण झाली की पत्राही विकला आणि वर्गांवरही गवत आलं. महागाई अशी की प्राध्यापकांच्या पगारात घर चालेना, बायका काही ना काही करून विकत. या पडवीसारख्या वर्गांत शिकलेल्या यांग चेननिंग आणि ली चेंगताओ यांना १९५७ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

युद्ध संपलं, १९४६ मध्ये विद्यापीठ घरी आलं. त्याच वर्षी जर्मनीत संस्कृत शिकून आलेले जी श्यानलिन यांनी पौर्वात्य भाषांचा विभाग उभा केला. जिन केमूही दोन वर्षांनी याच विभागात आले. भारत सरकारने १९४७ मध्ये काही विद्यार्थी पेकिंग विद्यापीठात चिनी शिकायला पाठवले. त्यांत आपले वसंत परांजपे होते. पुढे १९५४ मध्ये पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा दुभाषे म्हणून परांजपे त्यांच्यासोबत होते.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट सरकार आलं आणि १९५२ मध्ये सगळ्या विद्यापीठांची फेरमांडणी झाली. पेकिंगकडचं वैद्यकशास्त्र आणि अभियांत्रिकी काढून वेगळ्या संस्थांना दिलं. म्हणून तू यूयू पेकिंग विद्यापीठात दाखल झाल्या, पण १९५५ मध्ये बाहेर पडल्या त्या वेगळ्या झालेल्या वैद्यकीय कॉलेजातून. विद्यापीठ स्वतः शहराच्या वायव्येला, मिशनऱ्यांच्या येनचिंग विद्यापीठाच्या बंद पडलेल्या आवारात हललं. फोटोत हमखास दिसतो तो तळ्याकाठचा मनोरा तिथलाच. दिसायला अगदी बौद्ध देवळाचा, पण मुळात बांधली ती पाण्याची टाकी. एवढी देखणी पाण्याची टाकी आम्ही दुसरी पाहिलेली नाही.

त्या काळातले कुलगुरू मा यिनचू हे अर्थतज्ज्ञ. १९५३ च्या जनगणनेत चीनची लोकसंख्या साठ कोटींच्या आसपास निघाली. मा यांनी १९५७ मध्ये मांडलं की लग्नं उशिरा होऊ द्या, पाळणा लांबवायची साधनं लोकांना द्या, नाहीतर वाढत्या तोंडांपुढे प्रगती पुरणार नाही. जास्त हात म्हणजे जास्त बळ, असं मानणाऱ्या नेत्यांना हे रुचलं नाही. वर्तमानपत्रांतून झोड उठली. म्हाताऱ्या मा यांनी शब्द मागे घेतला नाही. १९६० मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. १९७९ मध्ये सरकारने चूक मान्य करून त्यांना मानद कुलगुरू केलं, तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते. आणि त्याच सुमाराला सरकारने एकाच मुलाचं धोरण आणलं. वीस वर्षं आधी सल्ला आणि साधनं देऊन जे सावकाश झालं असतं, ते मग सक्तीने झालं, आणि ती सक्ती बायकांच्या शरीरावर झाली. आम्हाला वाटतं, एका प्राध्यापकाचं तोंड बंद केल्याची किंमत कोण मोजतं याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

यानंतरची दहा वर्षं म्हणजे दार आतून बंद. मे १९६६ मध्ये तत्त्वज्ञान विभागातल्या निए युआन्त्स या बाईंनी आणि सहा सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या प्रमुखांविरुद्ध मोठ्या अक्षरांचं भित्तिपत्रक लावलं. माओंनी ते देशभर गाजवलं आणि सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना मारलं, गळ्यात पाट्या अडकवून फिरवलं. इतिहासकार ज्यान बोत्सान यांनी पत्नीसह जीव दिला. जी श्यानलिन यांना आवारातच ‘गोठा’ नावाच्या कोठडीत कोंडलं. सुटल्यावर त्यांना एका वसतिगृहाच्या दारावर राखणदार म्हणून बसवलं, तर तिथे बसून त्यांनी काय करावं? वाल्मीकींच्या रामायणाचं चिनी भाषांतर. घरी रात्री श्लोकाचा अर्थ लावायचा, चिठोऱ्यावर उतरवायचा, दिवसा राखण करता करता तो छंदात बसवायचा. संपूर्ण रामायण १९८० ते १९८४ या वर्षांत छापून झालं. २००८ मध्ये भारताने त्यांना पद्मभूषण दिलं.

जी आणि जिन या दोघांनी १९६० मध्ये संस्कृत-पालीचा एक वर्ग पाच वर्षं शिकवला होता. त्या वर्गातले ह्वांग बाओशंग यांनी पुढे सहकाऱ्यांसह संपूर्ण महाभारत चिनीत आणलं. त्यासाठी त्यांनी समोर ठेवली ती पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती.

प्रवेशपरीक्षा १९६६ पासून बंद होती. डिसेंबर १९७७ मध्ये ती पुन्हा झाली आणि देशाने श्वास सोडला. शेतावर, कारखान्यात, खाणीत पाठवलेली मुलं-मुली, काही तिशीतल्या आणि लेकुरवाळ्या, पुस्तकं शोधत धावली. ५७ लाख जण बसले. प्रश्नपत्रिका छापायला कागद पुरेना, तेव्हा माओंच्या निवडक ग्रंथांसाठी राखून ठेवलेला कागद वापरला. प्रवेश मिळाला २ लाख ७३ हजारांना. शंभरात पाचही नाहीत.

याच सुमाराची एक गोष्ट छपाईची. चिनी लिपीत हजारो अक्षरं, प्रत्येकाचा खिळा वेगळा. वांग श्वान नावाचे आजारी, कमी पगारावर घरी असलेले शिक्षक १९७५ पासून ती अक्षरं संगणकात बसवायच्या मागे लागले. त्यांच्या पत्नी चेन कुनचिउ त्याच विद्यापीठात गणिताच्या. काम दोघांचं होतं, नाव मात्र जास्त एकाचं झालं. त्यांच्या पद्धतीने चीनच्या छापखान्यांतून शिसं हद्दपार झालं.

तू यूयूंचं काय झालं? सरकारने त्यांच्यावर मलेरियाच्या औषधाचं काम सोपवलं होतं. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पुस्तकात एका वनस्पतीचा रस पाण्यात भिजवून, पिळून प्यायला सांगितलं आहे, उकळायला नाही. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेने गुण जात असेल. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला, तो लागू पडला. पुढच्या वर्षी आधी स्वतः घेऊन पाहिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डॉक्टरेट नाही, परदेशी पदवी नाही. वैद्यकीय कॉलेज २००० मध्ये पेकिंग विद्यापीठात परत मिसळलं, त्यामुळे विद्यापीठ त्यांना आता आपली म्हणतं.

१९८९ मध्ये पेकिंगचे विद्यार्थी पुन्हा तिआनानमन चौकात होते. ४ जूनला सैन्य आलं. त्यानंतर चार वर्षं या विद्यापीठात नवा प्रवेश घेणाऱ्यांना पहिलं वर्ष लष्करी छावणीत काढावं लागलं. पुढे सरकारचं धोरण पैशाचं झालं. १९९८ च्या शताब्दीनंतर तीन वर्षांत १८० कोटी युआन मिळाले. नवी प्रयोगशाळा, नवे विभाग, शनझनला शाखा. त्रिकोणी चौकात विद्यार्थी वर्षानुवर्षं मतं चिकटवत, ते फलक २००७ मध्ये काढून टाकले. २०१८ मध्ये काही विद्यार्थ्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीची कागदपत्रं मागितली. त्यांतल्या एका मुलीच्या आईलाच वसतिगृहात बोलावून दबाव आणला गेला. मुलीने ते सगळं जाहीर लिहिलं. दुसऱ्या दिवशी आवारात कुणीतरी तिच्या बाजूने भित्तिपत्रक लावलं. ते काही तासही टिकलं नाही.

आणि आत कोण येतंय? चीनमध्ये परीक्षेला आता दरवर्षी सव्वा कोटीहून जास्त मुलं बसतात. पेकिंग घेतं त्यांतली काही हजार. राजधानीतल्या मुलांना जागा जास्त, दूरच्या प्रांतांना कमी. १९८० आणि ९० च्या दशकांत इथले तीसेक टक्के विद्यार्थी खेड्यांतले असत. २००० नंतर ते प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांवर आलं. शिकवण्या, चांगल्या शाळा, शहरातलं घर, हे ज्याच्याकडे त्याच्याकडे गुण. देशभरातल्या विद्यापीठांत मुली आता मुलांच्या पुढे गेल्यात. तेवढ्यात काही विद्यापीठांनी काही विषयांसाठी मुलांना कमी गुणांवर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा २०१२ मध्ये ग्वांगचौ शहरात काही तरुणींनी भर रस्त्यात डोकी भादरून निषेध केला.

देंग चुनलानच्या पत्राला आता शंभर वर्षं उलटून गेली. पेकिंग विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या यादीत अजून एकाही बाईचं नाव नाही.